वा च्यूची उबदार खोली

शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती. बर्फ लोटायचं यंत्र, रस्त्यावर टाकायच्या मिठाची पोती आणि पाय मोडलेले बाक तिथे पडून असत. त्या पोत्यांवर मुलांना बसवून वा च्यू काका केंग शिकवायचे. केंग म्हणजे लाकडी पोटात बांबूच्या सहा नळ्या रोवलेलं आमचं वाद्य. फुंकर सोडताना ते वाजतं आणि श्वास आत ओढतानाही वाजतं, त्यामुळे वाजवणाऱ्याला थांबायला निमित्त मिळत नाही. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराच्या हिवाळ्यात मुलांच्या श्वासाची वाफ नळ्यांमधल्या पितळी जिभांवर गोठायची आणि सूर घोगरा व्हायचा. मग काका ते केंग आपल्या कोटाच्या आत घालायचे आणि तान्ह्या पोराला धरावं तसं छातीशी धरून बसायचे.

शाळेत उबदार वर्ग होते. पण काका शिकवायचे ती धून तिथे वाजवायची नसते. नाचाच्या, सणाच्या धुनी कुठेही चालतात. काकांची धून मयताची होती. आम्हा ह्मोंग लोकांमध्ये माणूस गेला की केंगच त्याला सांगतं, तू आता गेलास, ऊठ, या वाटेने नीघ. त्या सुरांमध्ये शब्द असतात. जिवंत माणसांना ते धड कळत नाहीत, मेलेल्याला कळतात. म्हणून ज्या घरात मयत नाही तिथे ती वाजवली, तर घरात जो झोपला असेल त्याचा जीव उठून चालू लागतो. लाओसच्या डोंगरात काका ती धून त्यांच्या मामाकडून शिकले, गावापासून लांब, शेतातल्या मचाणाखाली. इथे आमचे लोक गॅरेजात शिकतात. शेडीत चूल नव्हती, कोणी झोपत नव्हतं. काकांच्या लेखी ते घर नव्हतं, एवढं पुरे होतं.

मी त्या शाळेचे संगणक सांभाळते. शेडीत एकच दिवा होता आणि त्याची वायर दर हिवाळ्यात उंदीर कुरतडायचे, म्हणून माझं तिथे जाणं व्हायचं. "आली बघा वीज मंडळाची सून," काका म्हणायचे, आणि मुलं हसायची.

काकांनी उभं आयुष्य एका कारखान्यात खिडक्यांच्या चौकटी जोडल्या. शनिवार-रविवार लोकांच्या मयतीला केंग वाजवलं. त्यांची बायको यूआ काकी बाजारात भाजी विकायची. मिरच्या, कडू मोहरीचा पाला, गवती चहा. दोघं एकाच गावची. काकी त्यांना चारचौघांत टोमणे मारायची आणि ते खाली मान घालून खूश व्हायचे.

"शेकडो मेलेल्यांना वाटेला लावलंय ह्यांनी," काकी गिऱ्हाइकाला सांगायची. "पण स्वतःची गाडी कुठे लावली ते संध्याकाळपर्यंत सापडत नाही."

काकीच्या मूत्रपिंडांनी दगा दिला तेव्हापासून काका घाईला आले. त्यांच्या कुळात घरच्या पुरुषाने घरच्या मयताला वाजवायचं नसतं. त्याने मयताच्या बाजूला बसायचं, वाकायचं, रडायचं. मामाची धून काकांनी तिघांना शिकवली होती. दोघे चर्चमध्ये गेले आणि त्यांनी केंग सोडलं. तिसरा वारला, आणि त्याच्या मयतीला काकांनीच वाजवलं. शहरात वाजवणारे दुसरे होते, चांगले होते, पण त्यांच्या धुनी दुसऱ्या डोंगरातल्या. मामाच्या धुनीत गावाखालचा एक झरा यायचा, तिथे मेलेल्याला थांबवून पाणी पाजायचं आणि मग पुढे न्यायचं. काकी त्याच झऱ्यावर पाणी भरत मोठी झाली होती.

"परक्या सुरामागे मी नाही जायची," काकी म्हणायची. "वाटेत बाजार दिसला की तिथेच फतकल मारून बसेन. मग बसा शोधत."

म्हणून काका शाळेत आले. कुणीतरी लहान, मोकळ्या डोक्याचं मिळावं म्हणून. मिळालाही. फोंग थाओ नावाचा सातवीतला मुलगा. बोलायला लाजरा, पण एकदा ऐकलेला सूर त्याच्या बोटांतून सुटायचा नाही. ती धून एकेक ओळ तोंडी पाठ करावी लागते आणि पुरी व्हायला वर्षं लागतात. फोंग अर्ध्याच्या पुढे गेला होता.

आमची शाळा चार्टर शाळा. पैसा सरकारचा, कारभार आमच्या लोकांच्या मंडळाचा. जितकी मुलं बाकावर तितका पैसा, त्यामुळे लहान शाळेचा श्वास कायम वर असायचा. मुख्याध्यापिका ब्लिया व्हू आमच्यातलीच, माझ्याहून थोडी मोठी. अशा शाळा वाढवण्यासाठी केंद्र सरकारचं अनुदान निघालं तेव्हा ती महिनाभर धड जेवली नाही. अर्जात लिहायचं होतं, मुलं दुप्पट कशी कराल आणि तुमच्या शाळेत असं काय आहे जे दुसरीकडे नाही. ती शिपायापासून सगळ्यांना विचारत फिरली, शाळा वाढली तर तुम्हाला काय हवं?

शेडीत ती आली तेव्हा मी दिव्याखाली शिडीवर होते.

"काका, तुम्हाला काय मागू?"

"मला काय करायचंय? म्हाताऱ्याला दात मागशील?"

"चेष्टा नको. खरंच सांगा."

काकांनी फोंगकडे पाहिलं. थंडीने पोराचा ओठ फुटला होता आणि केंगच्या तोंडावर रक्ताचा ठिपका होता.

"मुलांना ऊब मिळेल अशी जागा," काका म्हणाले. "बाकी काही नको."

त्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते नंतर कळलं. पत्र्याला आतून लाकडी फळ्या, एक विजेची शेगडी. पण शेगडी कोणी मागणार नव्हतं, कारण ते अनुदान जुन्याची डागडुजी करायला नव्हतंच. फक्त नव्यासाठी, वाढीसाठी. ब्लियाने मनापासून, आनंदाने लिहिलं, संगीताची स्वतंत्र खोली.

वसंतात शिक्षण खात्याची दोन माणसं शाळा बघायला आली. वर्ग, निकाल, सगळं पाहून झालं. मग ब्लियाने त्यांना शेडीत नेलं. मिठाच्या पोत्यांवर बसलेली सहा मुलं, मधे म्हातारा, दारातून येणारा वारा. फोंग वाजवत होता. त्यातल्या बाईंनी हातमोजा काढून डोळे पुसले.

"ही धून कसली आहे?" त्यांनी विचारलं.

ब्लियाने काकांना विचारलं. काका म्हणाले, "सांग, वाट दाखवायची."

बाईंनी लिहून घेतलं. पुढे मंजुरीच्या कागदात आमच्या शाळेचं वेगळेपण म्हणून पहिला उल्लेख केंगच्या वर्गाचा होता. ब्लियाने तो परिच्छेद जेवणघरात सगळ्यांना वाचून दाखवला. त्या दिवशी मुलांच्या आयांनी चिकट भात, तळलेले रोल आणि पपईची कोशिंबीर आणली होती. काकी रुग्णालयातून थेट आली होती, हाताला पट्टी होती.

"तुमच्यामुळे मिळालं म्हणतायत," ती काकांना म्हणाली. "आता तरी गाडीला नवीन टायर घ्या."

सगळे हसले. काकाही हसले. खरंच त्यांच्यामुळे मिळालं होतं.

अनुदानातून भिंती बांधता येत नाहीत, भिंतींच्या आतलं सगळं घेता येतं. भिंतींसाठी मंडळाने कर्ज काढलं. मुलं दुप्पट म्हणजे बसही दुप्पट, आणि बस वळायला जागा लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाडकामाचं यंत्र आलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत शेड गेली. काका कुंपणापाशी उभे होते. मिठाची पोती कुठे ठेवणार, एवढंच त्यांनी विचारलं.

नवीन खोली फार सुंदर झाली. लाकडी जमीन, आवाज शोषणारी छतं, भिंतीत कपाटं. मी तिथे पडदा आणि ध्वनियंत्रणा बसवली. ब्लिया काकांचा हात धरून त्यांना आत घेऊन आली.

"बघा. ऊब आहे की नाही?"

काकांनी टोपी काढली. भिंतीला हात लावला. "गरम आहे," ते म्हणाले. मग त्यांनी डावीकडच्या भिंतीला कान लावला. "पलीकडे काय?"

"बालवर्ग. नवीन सुरू केलाय. चार वर्षांची मुलं. अनुदानात तोच तर मोठा भाग आहे."

"झोपतात का?"

"दुपारी. गाद्या घालून. काका, आवाज पलीकडे जाणार नाही, भिंत खास आहे. विचारा हिला."

मी म्हणाले, "नाही जात काका. मी मोजून बघितलंय."

काका माझ्याकडे प्रेमाने बघत राहिले. "तुझ्या यंत्राला कान आहेत, पोरी. जीव ऐकतो त्याला कान लागत नाहीत."

ब्लियाचा चेहरा उतरला. तिची आजी अशीच वाटेला लागली होती, मामाच्याच धुनीवर, आणि वाजवणारे काकाच होते. तिला सगळं ठाऊक होतं. फक्त अर्ज लिहिताना ते आठवलं नव्हतं. ती एकदम बोलायला लागली. मागे दुसरी शेड टाकू, माझ्या खिशातून टाकते. पण मागची सगळी जागा आता बसची आणि आगीच्या बंबाची होती. बागेत शिकवा म्हटलं, तर मुलांना आवाराबाहेर न्यायला विमा नव्हता. शाळा सुटल्यावर या म्हटलं, तर काका म्हणाले, "घर ते घर. दुपारी निजतात ती मुलं जीव तिथे थोडा ठेवूनच जातात."

"काका, हे तुम्ही मला आधी सांगायचं होतं हो," ती शेवटी म्हणाली.

"तू विचारलंस काय हवं. मी ऊब मागितली. ती तू दिलीस." काका टोपी घालत म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही."

मग त्या खोलीत ते फक्त नाचाच्या धुनी शिकवू लागले. नवीन मुलं भराभर आली, वर्ग भरून वाहू लागला. मयताची धून काकांच्या घरच्या गॅरेजात गेली. तिथे बस जात नव्हती. सहातली पाच मुलं एकेक करून गळली, कुणाची आई रात्रपाळीला, कुणाचा फुटबॉल. फोंग सायकलवर यायचा, बर्फ पडला की चालत.

काकी आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्रावर जायची. उरलेल्या दिवशी ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायची आणि गॅरेज घराला चिकटून असल्यामुळे आधी कानांत कापूस घालायची.

"मी झोपले नाही, फक्त बसलेय," ती मला सांगायची. "पण भरवसा काय? म्हातारपणी डोळा लागतो. आणि पोरगं चांगलं वाजवतं म्हणतात. उठून चालायलाच लागायची मी."

"काकी, असं काय बोलता?"

"मग काय रडू? अगं, मी वाट बघतेय. त्याला म्हणावं, झऱ्यापर्यंत आलास का?"

फोंग झऱ्यापर्यंत आला होता. रोज तेच घोकत होता. काका त्याला दुसरं काही वाजवूच देत नव्हते.

नव्या इमारतीचं उद्घाटन नोव्हेंबरात ठरलं. अनुदानाच्या खात्यातली तीच दोन माणसं येणार होती आणि त्यांचं परतीचं विमान संध्याकाळचं, म्हणून कार्यक्रम भर दुपारी. संगीताच्या खोलीतच. बाईंनी मुद्दाम कळवलं होतं, शेडीत वाजवणारा तो मुलगा असेल ना?

काकांनी फोंगकडून नाचाची धून घोटवून घेतली. छोटीशीच होती. खोली माणसांनी भरली, म्हातारे पुढच्या खुर्च्यांवर, मागे शिक्षक आणि पालक. पलीकडे बालवर्ग गाद्यांवर निजला होता. फोंगने नवा काळा अंगरखा घातला होता, त्यावर चांदीची नाणी किणकिणत होती. त्याने पहिली फेरी घेतली, गुडघ्यात वाकून गिरकी घेतली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला श्वास आत ओढताना तो ज्या सुरावर आला, तो सूर दोन्ही धुनींमध्ये आहे. आणि त्याची बोटं रोजच्या वाटेने गेली.

मला आधी कळलं नाही. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उभा राहिला, मग दुसरा. कुणाच्या तरी आजीने तोंडावर हात दाबला. पाहुण्या बाई हसऱ्या चेहऱ्याने मान डोलवत होत्या, शेडीतला तोच सूर त्यांनी ओळखला होता. फोंगचे डोळे मिटलेले होते. काका उठले, लगबग न करता त्याच्यापाशी गेले आणि त्यांनी नळ्यांवर आपला तळवा ठेवला.

सूर तुटला. पाहुण्यांना वाटलं संपलं. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. फोंगने डोळे उघडले, काकांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

आमची बायामाणसं तोवर बालवर्गाकडे पळाली होती. मुलं गाद्यांवरून उठवली, कवटाळली, नावाने हाका मारल्या. मुलं चिडून रडत होती, झोपमोड झाली म्हणून. पण रात्री त्यातल्या एका मुलीला ताप भरला. तापाची साथच होती शहरात. तरी दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात अंडं, तांदूळ, उदबत्ती आणि जिवंत कोंबडी घेऊन जीव बोलावणारी म्हातारी बसली आणि मुलांच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले गेले. ब्लियाने प्रत्येक आईची हात जोडून माफी मागितली.

मुलीचा ताप उतरला. पण फोंगचे वडील काकांच्या घरी आले. मी काकीला रुग्णालयातून आणून सोडलं होतं, म्हणून तिथेच होते.

"काका, तुमचा मान आहे," ते दाराशीच उभे राहून म्हणाले. "पण लोक माझ्या पोराकडे बघून रस्ता बदलतात. त्याची आई रात्रभर त्याच्या उशाशी बसते. आता पुरे. तो केंगला हात लावणार नाही."

"चूक त्याची नाही रे. मी त्याच्या बोटांत दुसरं काही राहूच दिलं नाही."

"असेल. पण ते पोरगं माझं आहे."

स्वयंपाकघरातून काकी म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. त्याला आत बोलवा, भात खाऊन जाऊ दे."

ते आत आले नाहीत.

शाळेच्या मंडळाने केंगच्या वर्गाला नवा तरुण शिक्षक आणला, नाचाच्या धुनी शिकवायला. वर्ग बंद करता येत नव्हता, अनुदान त्याच्या नावावर होतं. वर्षाच्या शेवटी अहवालात गेलं की केंग शिकणारी मुलं कितीतरी पट वाढली. त्याचा आलेख मीच काढला. तो खरा होता.

काकी मार्चमध्ये गेली, सकाळी, यंत्रावरून घरी आल्यावर. मयत तीन दिवस ठेवलं होतं. मिलवॉकीहून वाजवणारा बोलावला. माणूस नामांकित, दमदार, ढोलाभोवती फिरताना त्याचा पाय एकदाही चुकला नाही. काका मयताच्या बाजूला गुडघ्यांवर बसले होते. प्रत्येक वेळी वाकायचं तेव्हा वाकत होते. ब्लिया दुसऱ्या दिवशी आली आणि बायकांमध्ये बसून मयताला वाटखर्चाला द्यायच्या कागदी होड्या दुमडत राहिली, मान वर न करता.

फोंग वडिलांबरोबर आला. जेवणाच्या टेबलांवर भाताच्या टोपल्या पोचवत होता. केंग चालू असताना एका ठिकाणी तो मधेच थांबला, टोपली हातात तशीच. मी काकांकडे पाहिलं. काकांनीही मान उचलली होती. दोघं एकमेकांकडे बघत होते. वाजवणारा पुढे गेला, डोंगर उतरला, नदी ओलांडली. झरा त्याच्या धुनीत नव्हता. वडिलांनी फोंगच्या खांद्याला हात लावला, तसा तो टोपली घेऊन पुढच्या टेबलाकडे गेला. काका पुन्हा वाकले.

एप्रिलच्या शेवटी भाजीबाजार उघडला. काकीची जागा आता एका तरुण जोडप्याने घेतली आहे, ते फुलं विकतात. पहिल्या शनिवारी मी गेले तर काका तिथे बाजूला घडीची खुर्ची टाकून बसले होते. समोर विकायला काही नव्हतं. पायाशी पाण्याची बाटली होती, झाकण उघडलेली, आणि शेजारी एक पेला.

मला वाटलं ओळखीच्यांना भेटायला आले असतील. पण दुसऱ्या शनिवारी होते, तिसऱ्याही. उन्हं चढली, लोक तंबू उतरवायला लागले, फुलांचं जोडपंही निघून गेलं.

"काका, चला, सोडते घरी," मी म्हणाले. "बाजार उठला."

"तू हो पुढे."

"कोण यायचंय का?"

त्यांनी पेल्यात थोडं पाणी ओतलं आणि तो खुर्चीपासून जरा लांब, काकीचं टेबल असायचं तिथे ठेवला.

"तिला आवरायला वेळ लागतो," ते म्हणाले. "सगळी टोपली पुन्हा भरते, मगच उठते."